मदत हवी आहे: जर्मनीच्या तिसऱ्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता जुळत नाही

डावाबॅक: एक्सेलमध्ये सगळे निकाल टाकलेत. विजयाला ३, बरोबरीला १. तरी बऱ्याच संघांचे गुण अधिकृत तक्त्यापेक्षा जास्त येतायत. सूत्र दोनदा तपासलंय, ते नका सांगू. आज रात्री संपवायचंय.

आकडेमोड: मोसम कोणता?

म्युनिककर: २०१९-२० असणार! बायर्नचा राखीव (दुसरा) संघ पहिला आला, पण राखीव संघांना बढती नसते. वुर्त्सबुर्ग आणि ब्राउनश्वाइग थेट वर, प्लेऑफ, म्हणजे वरच्या लीगमधल्या संघाशी बढतीसाठीची दोन सामन्यांची लढत, चौथ्या इंगोलश्टाटला. न्यूर्नबर्गविरुद्ध परतीच्या सामन्यात ३-० पुढे असताना ९६व्या मिनिटाला गोल खाल्ला आणि अवे गोलवर (परक्या मैदानावरच्या गोलांवर) हरले.

आकडेमोड: अहो, त्यांनी गुण विचारलेत. बढती अडली तरी तक्त्यात बायर्न पहिलाच दिसतो.

नियमवाला: संघाने नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला की ९ गुण कापतात. ते बघा.

आकडेमोड: मग एकाच संघाचे चुकले असते. इथे 'बऱ्याच' लिहिलंय. डावाबॅक, मोसम?

डावाबॅक: २०२१-२२. त्याने काय फरक पडतो?

आकडेमोड: सगळाच! ट्युर्कग्युचू म्युनिक नादारीमुळे मार्च २०२२ मध्ये मोसम अर्धवट टाकून बाहेर पडला. त्याच्याशी झालेले सगळे सामने रद्द धरले. ज्यांनी त्याला हरवलं होतं त्यांचे ३ गुण गेले. यजमान आणि पाहुणे, दोन्ही रकान्यांतून त्याच्या ओळी काढा. लोक यजमानांच्याच काढतात. उरले १९ संघ, प्रत्येकी ३६ सामने, एकूण ३४२ ओळी.

म्युनिककर: चार संघ खालच्या लीगमध्ये उतरतात, त्यातली एक जागा त्यानेच भरली. म्हणून बाकीचे तीनच गेले: विक्टोरिया बर्लिन, वुर्त्सबुर्ग, हाफेल्से. दोन वर्षांत वुर्त्सबुर्ग दुसऱ्या लीगमधून थेट चौथ्या पायरीवर!

हिरवळ: हाफेल्सेचे घरचे सामने हॅनोव्हरच्या मोठ्या स्टेडियमवर व्हायचे, स्वतःचं मैदान नियमात बसत नव्हतं. बाकी जर्मनीत असाल तर मॅजेंटास्पोर्ट घ्या, या लीगचे सामने तिथे दिसतात.

नियमवाला: सामने कुठे बघू असं कुणी विचारलंय?

डावाबॅक: काढल्या दोन्हीकडून. ३४३ येतायत.

आकडेमोड: डुइसबर्ग–ओस्नाब्रुक दोनदा आहे का? डिसेंबरमधला सामना वर्णद्वेषी शेरेबाजीमुळे ०-० असताना थांबला आणि नंतर पुन्हा खेळवला. डिसेंबरची ओळ उडवा.

डावाबॅक: ३४२. जुळलं.

नियमवाला: गुण सारखे असतील तर आधी गोलफरक, मग केलेले गोल. क्रम लावताना लक्षात ठेवा.