मदत हवी आहे: बोटुकलीला (बोटाएवढ्या माशाच्या पिल्लांना) टोचायची लस कोल्हापुरात कुठं मिळंल?

शिरोळचं_तळं: रोज पंधरा-वीस मरायला लागलीत, खात न्हाईत, कल्ले पांढरे फट्ट. शेजारचा म्हणतोय रक्तात किडा असतो, लस टोचली की काम झालं. सगळी औषध दुकानं पालथी घातली, कोंबडीची लस दाखवत्यात. कुठं मिळंल तेवढंच सांगा, भाषण नको.

पंचगंगाकाठ: भाषण नको तर मासा कुठला, तळं मातीचं का प्लास्टिकचं, पाणी कुठनं घेता, हे तरी लिहा की.

शिरोळचं_तळं: रोहू-कटला, दुसरं काय असणार. मातीचं. पाणी कालव्याचं.

रांगडा_गडी: पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट, जांभळं औषध) मारा भावा, आमचं दोन दिवसांत थांबलं.

मत्स्यवाली_ताई: पोटॅश अंगावरच्या किड्याला. रक्तातल्याला त्याचं काय? आणि डोस चुकला की कल्लेच जळतात.

रांगडा_गडी: ताई, आमचे जगले की! पुस्तकी नको.

मत्स्यवाली_ताई: जगले म्हणजे रोग तोच होता असं नाही. दादा, आपल्या रोहू-कटल्याला अशी लस बाजारात नाही. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात पॅट्रिक वू यांनी क्रिप्टोबिया या रक्तातल्या परजीवीवर जिवंत पण कमजोर केलेली लस तयार केली, ती सामन-ट्राउटसाठी, म्हणजे थंड पाण्यातल्या माशांसाठी. तो परजीवी जळू पसरवते. तुमच्याकडं जळवा आहेत का?

शिरोळचं_तळं: जळवा? जाळं ओढलं की दोरीला चिकटूनच येत्यात, त्याचं काय?

पंचगंगाकाठ: अहो हे पहिल्यांदा लिहायचं!!

मत्स्यवाली_ताई: तरी रक्त बघितल्याशिवाय काही टाकू नका, कल्ले पांढरे पडायला कारणं बरीच असतात. जिवंत मासा न्या, शेपटीजवळच्या शिरेतला थेंब स्लाइडवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघायला लावा, ट्रिपॅनोसोमासारखा रक्तातला परजीवी असला तर वळवळताना दिसतो. मिठाच्या पाण्यात बुडवलं की जळवा सुटतील, रक्तातलं तसंच राहील. पुढचं मत्स्यबीज सोडण्याआधी तळं सुकवून चुना मारा, आणि कालव्याच्या पाइपला बारीक जाळी लावा, जळवा आणि गोगलगायी दोन्हीसाठी. गोगलगायीतनं येणारी रक्तातली चपटी कृमी वेगळी, तिचीही लस नाही.

कागलकर: शेततळ्याला प्लास्टिक टाकायला अनुदान मिळतं, कागदपत्रं पाहिजेत तर मेसेज करा.

रांगडा_गडी: त्याचं माती तळं हाय ओ!

शिरोळचं_तळं: उद्या कॉलेजच्या लॅबला जातो. काल मेलेली आठ फ्रीजमध्ये ठेवलीत, तीच नेली तर चालतील न्हवं?

मत्स्यवाली_ताई: जिवंत, दादा, जिवंत. तळ्यातल्याच पाण्यात.