सेसना १७२, जीपीएस आणि ऑटोपायलट: शिकाऊ वैमानिकाने बटण दाबावं का?

दख्खनचा_वारा: आमचे इन्स्ट्रक्टर सोलो क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एकट्याने करायच्या लांबच्या उड्डाणात, ऑटोपायलटला हात लावू देत नाहीत. विमान सेसना १७२, समोर गार्मिन जी१००० चे उपकरण-स्क्रीन, मार्ग जीपीएसमध्ये भरलेला, तरी सगळं हातानेच. मला हे पटत नाही. एकट्याने रेडिओ सांभाळायचा, इंधनाचा हिशेब ठेवायचा, बाहेर दुसरी विमानं हेरायची. यातलं एक ओझं यंत्राने उचललं तर बिघडलं कुठे?

जुना_मास्तर: बिघडतं. पोरं नॅव्ह (भरलेल्या मार्गावर चालवणारा मोड) दाबतात आणि निर्धास्त होतात. मध्येच सीडीआयचं (मार्गदर्शनाचा स्रोत बदलायचं) बटण दाबून जीपीएसवरून व्हीओआरवर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर) गेलं, की जी१००० सोबतचा जीएफसी ७०० ऑटोपायलट नॅव्ह सोडून रोल मोडवर येतो. म्हणजे पंख सपाट, आणि विमान वारा नेईल तिकडे. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत तसं हिरव्या अक्षरांत लिहूनही येतं. पण पोरगा खाली नकाशातली मार्गाची किरमिजी रेघ बघत बसलेला! तुमचे इन्स्ट्रक्टर बरोबर आहेत.

पंखाखाली_सह्याद्री: मास्तर, हा ऑटोपायलटचा दोष झाला की शिकवण्याचा? ती अक्षरं वाचायला शिकवा ना. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडवायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्याची परिस्थिती दिली. सरासरी १७८ सेकंदांत विमान हाताबाहेर. अशा वेळी हेडिंगचा बग (ऑटोपायलटला दिशा सांगणारी खूण) उलट फिरवून यंत्राकरवी मागे वळणं हाच शहाणपणा.

जुना_मास्तर: अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच प्रयोगात पुढे मागे वळायची साधी रीत शिकवली, तर जवळपास सगळे सुटले. ऑटोपायलट नव्हता, सराव होता. आणि १६ जुलै १९९९ ला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनियर स्वतः विमान उडवत असताना मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले, त्या पायपर साराटोगा विमानात जीपीएस आणि ऑटोपायलट दोन्ही होते. एनटीएसबीने (अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने) कारण दिलं ते अंधाऱ्या, धुरकट रात्री दिशाभान हरपल्याचं.

पंखाखाली_सह्याद्री: वा! म्हणजे यंत्र होतं म्हणून अपघात झाला? मी तर म्हणेन, अशा रात्रीसाठीच ते असतं.

टेक्सासकर: इकडे अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (फक्त उपकरणांवर उडवायच्या परवान्याच्या) परीक्षेत विमानात ऑटोपायलट बसवलेला असेल, तर तो वापरून दाखवावाच लागतो. बंदी घालून काय साधतं कळत नाही. मात्र बंद कसा करायचा ते आधी. जुन्या १७२ मधला केएपी १४० ऑटोपायलट चालू असताना तुम्ही योक (विमानाचं स्टिअरिंग) ढकललंत, तर तो उलट्या बाजूला ट्रिम करत जातो, म्हणजे नाक वर नेणारा जोर वाढवत जातो. तुम्ही जितका जोर लावाल तितका तोही लावतो. मग तुम्ही बंद करता आणि नाक एकदम उसळतं. योकवरचं लाल बटण आणि ऑटोपायलटचा वीजपुरवठा तोडणारा सर्किट ब्रेकर डोळे मिटून सापडले पाहिजेत.

दख्खनचा_वारा: ब्रेकर कुठला ते आम्हाला दाखवलंच नाही अजून.

जुना_मास्तर: मग सोलोत बटण दाबायचा विषयच सोडा. आणि अमृतसर-जम्मूच्या सीमाभागात जीपीएसमध्ये ढवळाढवळ होते, तिथे नकाशातली ही रेघच खोटी पडते. तेव्हा घड्याळ, होकायंत्र आणि खालची नदी यांवर मार्ग काढता येतो का, ते मी आधी बघतो.

पंखाखाली_सह्याद्री: तेही बघा. पण इन्स्ट्रक्टर शेजारी असताना एक अख्खी फेरी ऑटोपायलटवर करून घ्या, मोड मुद्दाम बिघडवा आणि विद्यार्थ्याला ओळखायला लावा. 'हात लावू नकोस' म्हणणं सोपं आहे हो, त्यात मास्तरांना काही शिकवावं लागत नाही.