नाशिकच्या डीपीत (शहर विकास आराखड्यात) गार्डन दाखवलंय आणि जागेवर गोडाऊन, हे होतं कसं?

गंगापूररोडकर:
फ्लॅट घेताना डीपीचा नकाशा बघूनच घेतला होता, समोर गार्डनचं रिझर्वेशन स्पष्ट दाखवलेलं. आता तिथे पत्र्याची गोडाऊनं आणि एक लॉन्स. 2017 ला नवीन डीपी मंजूर झाला त्यातही आरक्षण होतंच म्हणे. मग नकाशाला अर्थ काय? लहान पोरांनी खेळायचं कुठे?

गटनंबर:
आरक्षण पडलं म्हणून जागा पालिकेची होत नाही हो, सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच असतं. जागा ताब्यात घ्यायची तर पैसे द्या नाहीतर टीडीआर द्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. 2013 च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरात रोख मोबदला बाजारभावाच्या दुप्पट जातो, एवढे पैसे कुठल्या पालिकेकडे आहेत, आणि टीडीआरला भाव नसला की मालक तो घेत नाही. मग एमआरटीपीचं (राज्याच्या नगररचना कायद्याचं) कलम 127. डीपी लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, पुढच्या 24 महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण उडालं. ते होईपर्यंत जागा रिकामी कोण ठेवतो, शेड टाकून भाडं सुरू होतं.

सातपूरची_वैशाली:
ग्रीन झोनचं, म्हणजे डीपीत शेतीसाठी ठेवलेल्या जमिनीचं, वेगळंच आहे. सातपूर अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्याला यलो झोनमधला (राहण्यासाठीचा) प्लॉट झेपत नाही, मग तो शेतीतला गुंठा दोन गुंठे साठेखतावर (नुसत्या विक्रीच्या करारावर) घेतो, शेतीचे छोटे तुकडे विकायला तुकडेबंदी आहे म्हणून खरेदीखत होत नाही तरी घेतो, कारण घर तर पाहिजेच ना. असे प्लॉट नियमित करायला गुंठेवारी कायदा आला 2001 ला, तेव्हा 1 जानेवारी 2001 च्या आधीचेच प्लॉट नियमित होणार होते, 2021 ला ती तारीख थेट 31 डिसेंबर 2020 वर नेली. लोकांनी काय समजायचं यातून? मला त्या माणसाचा राग येत नाही, प्लॉट पाडून विकणाऱ्याचा येतो, तो पैसे घेऊन निघून जातो आणि ड्रेनेज, रस्ता सगळं नंतर त्या वस्तीच्याच गळ्यात.

मळेवाला:
शेतकऱ्याकडून पण बघा जरा. तपोवनात साधुग्रामचं (कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाचं) आरक्षण, सिंहस्थ कुंभमेळा 12 वर्षांनी, 2015 झाला आता 2027, मधल्या काळात त्या जमिनीवर ना बांधता येत ना नीट विकता येत. मखमलाबादला स्मार्ट सिटीची टीपी (नगररचना) स्कीम आणली तेव्हा विरोध झाला तो उगाच नव्हता, जमीन एकत्र करून कमी क्षेत्राचा प्लॉट परत मिळणार, बाकीचं कधी होईल यावर विश्वास कोणाचा नाही. मात्र गोदावरीच्या ब्लू लाईनच्या (पूररेषेच्या) आत बांधतात त्यांना माझा अजिबात पाठिंबा नाही. 2008 चा पूर बघितलाय आपण सगळ्यांनी, 2019 ला परत तेच.

गंगापूररोडकर:
आमच्या गार्डनचं आरक्षण अजून आहे की उडालं हे कसं कळेल?

गटनंबर:
गट नंबर घेऊन नगररचना विभागात झोन दाखला आणि पार्ट प्लॅन (डीपी नकाशाचा त्या जागेपुरता उतारा) मागा, आणि 127 ची नोटीस आली होती का ते माहिती अधिकारात विचारा. आरक्षण जिवंत असेल तर सोसायट्यांनी मिळून संपादनासाठी बजेटमध्ये तरतूद मागायची, नोटीस पडायच्या आधी.