डायोड प्लेटखाली पेस्ट लावायची की कोरडीच आवळायची?

फोंडेकर: अल्टरनेटर म्हणजे गाडीत वीज बनवून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याची डायोड प्लेट (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड बसवलेली धातूची प्लेट) बदलताना बरेच इलेक्ट्रिशियन उष्णता वाहून नेणारी जुनी पांढरी पेस्ट फडक्याने पुसतात आणि नवी प्लेट कोरडीच आवळतात. मला हे अजिबात पटत नाही. प्लेट मागच्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीला टेकून थंड होत असेल, तर पेस्ट हवीच. करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, प्रत्येकात साधारण एक व्होल्ट पडतो. पावसात रात्री चोर्ला घाट चढताना एसी, हेडलाइट, वायपर धरून ६० अँपिअर ओढले, तर नुसत्या डायोडमध्ये १०० वॉटच्या वर उष्णता. ती जाणार कुठे? दोन धातूंच्या मध्ये हवा राहिली की वाट बंद.

म्हापशाचा वायरमन: हिशोब बरोबर बाब, पण दोन प्लेटपैकी निगेटिव्ह प्लेटला अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, बॉडीतूनच मिळते. पेस्ट म्हणजे करंटला इन्सुलेशन. थापली की चार्जिंग डळमळलंच म्हणून समजा. माझ्याकडे येणारे अल्टरनेटर बहुतेक ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) नाहीतर बेअरिंग गेलेले असतात, डायोड जळालेले नव्हे.

फोंडेकर: थापा कोण म्हणतंय? खालचा धातू दिसेल इतका पातळ हात. अर्थ स्क्रूमधून जाते, तेवढी जागा कोरी ठेवायची. आवळून झाल्यावर प्लेट आणि बॉडीला मीटर लावा, शून्याच्या आसपास दाखवलं की विषय संपला. पॉझिटिव्ह प्लेट वेगळी. तिचे इन्सुलेशन वॉशर विसरलात तर बॅटरी थेट शॉर्ट. पेस्ट काही वॉशरचं काम करत नाही.

वास्कोकर: आमच्याकडे खारी हवा. कोरडी बसवलेली प्लेट काढली की खाली पांढरी भुकटी निघते, अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं. मी उष्णतेपेक्षा त्याच्यासाठी पेस्ट लावतो.

म्हापशाचा वायरमन: भुकटीचं मान्य. पण थंड व्हायला धातूचे पंख असलेली प्लेट हवेतच उभी असते, कशाला टेकत नाही. तिथेही लोक पेस्ट लावायला सांगतात! वर कोणी कॉम्प्युटरच्या पेस्टची महागडी ट्यूब घेऊन हजर. चारशे रुपयांच्या कामाला?

वास्कोकर: त्यातलं लिक्विड मेटल तर दुकानात शिरूच देऊ नका. त्यात गॅलियम असतं, अ‍ॅल्युमिनियम पोखरतं आणि करंटही वाहून नेतं. साधी पांढरी झिंक ऑक्साइडची पेस्ट पुरे. बेअरिंगचं ग्रीस मात्र नको, तापलं की पातळ होऊन ब्रशवर ओघळतं.