फक्त लाडकी बहीण नाही, मतांचं गणित पण बघा
२०२४ च्या विधानसभेचा निकाल फक्त लाडकी बहीणमुळे लागला हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. महिन्याला १५०० खात्यात आले त्याचा फरक पडलाच, त्यात वाद नाही, पण मतं आणि जागा यातलं अंतर पण बघा ना. शरद पवारांच्या पक्षाला साधारण ११ टक्के मतं आणि जागा फक्त १०, अजितदादांना ९ टक्के आणि जागा ४१! एकाने ८६ जागा लढवल्या, दुसऱ्याने ५९, आता जास्त ठिकाणी उभं राहिलं की एकूण मतं वाढतातच पण दुसऱ्या नंबरावर राहिलात तर हातात काहीच येत नाही, आपल्याकडे पहिला येईल तोच आमदार. तरी पण लोकसभेला ४८ पैकी ३० जागा घेतलेली महाविकास आघाडी सहा महिन्यांच्या आत २८८ मध्ये पन्नाशीवरच अडकते (काँग्रेस तर १६ वर) हे मला अजून पचत नाहीये. सगळ्यात वाईट याचं वाटतं की विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जातो तो दहावा हिस्सा, म्हणजे २९ आमदार, एकाही विरोधी पक्षाचे निवडून आले नाहीत. मग सोयाबीनच्या भावावरून सभागृहात सरकारला धरणार कोण?