चंद्रावरची ‘सरळ भिंत’ सापडत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ११४ मिमी व्यासाची, ९०० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण आहे. शुद्ध नवमीच्या आसपास १० मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाने (९० पट) प्लेटो विवर झकास दिसतं, कड्याच्या टोकदार सावल्या तळावर पसरलेल्या असतात. पण ‘सरळ भिंत’, म्हणजे रुपेस रेक्टा, काही केल्या सापडत नाही. नकाशा हाताशी आहे, तो आयपीसमधल्या चित्राशी जुळवताना डोकं गरगरतं. पौर्णिमेला शोधावी तर सगळा नुसता लख्ख उजेड.

शिवाय २एक्स बार्लो (पट दुप्पट करणारं जोडभिंग) लावून १८० पटीवर गेलं की चित्र उकळत्या पाण्यासारखं थरथरतं. प्लेटोच्या तळावरची बारीक विवरं तर दिसतच नाहीत. दुर्बिणीतले आरसे जागेवरून हललेत की हवेचा दोष? बार्लो बदलू का?

उत्तर १

ज्या रात्री प्लेटोत लांब सावल्या दिसतात, त्याच रात्री भिंतही समोर असते! दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर, ८-९ अंश पश्चिमेला. प्लेटोपासून उजेड-अंधाराच्या सीमेलगत दक्षिणेकडे सरकत मारे नुबियम या काळपट मैदानापर्यंत या. तिथे बर्ट हे १७ किमीचं छोटं विवर आहे. त्याच्या पूर्वेला सुमारे ११० किमी लांबीची काळी रेघ दिसेल, तीच भिंत. खरं तर तो भ्रंश (जमीन तडकून एक बाजू खाली सरकलेली जागा) आहे, उतारही फारसा उभा नाही. रेघ दिसते ती सावलीची. म्हणून पौर्णिमेला गायब. वद्य अष्टमीच्या सुमारास मात्र तीच पांढरी दिसते, उजेड समोरून पडतो ना!

नकाशा सरळ उलटा धरा, खालची बाजू वर. न्यूटोनियनमध्ये चित्र १८० अंशात फिरतं, डावं-उजवं आरशासारखं बदलत नाही.

उत्तर २

बार्लो बदलू नका. थरथर म्हणजे हवाच. आरसे हलले असतील तर चित्र स्थिर पण मऊ दिसतं. खात्री हवी असेल तर एखादा तेजस्वी तारा मधोमध आणून किंचित अस्पष्ट करा. ताऱ्याभोवतीची कडी एककेंद्री दिसली तर आरसे जागेवर आहेत. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा, तापलेल्या गच्चीवर नको, आणि चंद्र वर चढेपर्यंत थांबा.

प्लेटोतली ती विवरं जेमतेम दोन-अडीच किमीची. ११४ मिमीच्या दुर्बिणीची बारीक तपशील दाखवण्याची क्षमता साधारण १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे चंद्रावर १.९ किमी. अगदी काठावरचा मामला आहे. हवा स्थिर असलेल्या रात्री मधलं एखादं पांढरा ठिपका म्हणून दिसलं तरी पुष्कळ.