मदत हवी आहे: स्टोअर्ड प्रोसिजरचा आउटपुट पॅरामीटर नल येतोय (एसक्यूएल सर्व्हर, सी-शार्प)

प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) एक सिलेक्ट आहे (बिलाच्या ओळी) आणि दोन आउटपुट पॅरामीटर (कॉल करणाऱ्याला व्हॅल्यू परत देणारे): @एकूण डेसिमल(१२,२) आणि @शेरा एनव्हारकॅर(२००). सी-शार्पमध्ये एक्झिक्यूटरीडरने (ओळी एकेक वाचणारा रीडर देतो) ओळी नीट येतात, पण लूपमध्येच @एकूण वाचला तर नल (व्हॅल्यूच नाही). मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हरचं क्वेरी चालवायचं टूल) चालवली तरी नलच, एररही नाही. @शेरा जोडला की 'साइझ ०' म्हणून कॉलच फुटतो. घोळ कुठे आहे?

प्रतिसाद १
घोळ एक नाही, तीन आहेत.

स्टुडिओतला सोपा आहे. प्रोसिजरच्या व्याख्येत आउटपुट लिहिलं असलं तरी एक्झेकने प्रोसिजर चालवताना व्हेरिएबलपुढेही तो शब्द लागतोच: @एकूण = @बेरीज आउटपुट. विसरलात तर सर्व्हर कुरकुरत नाही, व्हेरिएबल होतं तसंच राहतं.

सी-शार्पमध्ये कारण वेगळं. सर्व्हर आधी सिलेक्टच्या सगळ्या ओळी पाठवतो. रिटर्न स्टेटस (प्रोसिजर संपताना परत येणारा कोड) आणि आउटपुट व्हॅल्यू त्यांच्या मागून येतात. म्हणून रीडर आधी बंद करा, मग वाचा. युझिंग (ब्लॉक संपला की रीडर आपोआप बंद करणारं) वापरत असाल तर वाचन त्या ब्लॉकच्या बाहेर. कनेक्शन बंद झालं तरी हरकत नाही, पॅरामीटर ऑब्जेक्ट हाताशी असला की झालं.

@शेराला साइझ = २०० द्या. इनपुट स्ट्रिंगची लांबी व्हॅल्यूवरून कळते, आउटपुटला सुरुवातीला व्हॅल्यूच नसते. पॅरामीटर एनव्हारकॅर(मॅक्स) असेल तर -१. आणि २०० ऐवजी ५० दिलंत तर मजकूर गुपचूप ५० अक्षरांवर कापला जातो. एरर परवडली, हे नाही.

प्रतिसाद २
@एकूणला प्रिसिजन १२ (एकूण अंक) आणि स्केल २ (दशांशानंतरचे अंक) पण द्या, नाहीतर नुसते रुपये येतील, पैसे गायब. हे टाळायला काही जण बेरीज रिटर्नने पाठवतात. तिथे फक्त इंट (पूर्णांक) चालतो, तेव्हा रडगाणं तेच. रिटर्न यश-अपयशाच्या कोडपुरताच ठेवावा.

धागाकर्ता
रीडर बंद केल्यावर @एकूण बरोबर आला, साइझचंही जमलं. पण ज्या बिलाला शेरा नाही तिथे व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये कास्ट करताना (टाइप बदलताना) फुटतंय. नल तर आधीही येत होता, तेव्हा नाही फुटलं?

प्रतिसाद १
तो नल वेगळा. आधीचा सी-शार्पचा नल होता, म्हणजे व्हॅल्यू अजून पोचलीच नव्हती. आताचा डीबीनल.व्हॅल्यू आहे, म्हणजे सर्व्हरने खरोखर नल पाठवला. कास्टच्या आधी तो तपासा. पुढे कधी अडलं तर डीबगरमध्ये दोनपैकी कोणता दिसतो ते आधी बघा: सी-शार्पचा नल असेल तर चूक कॉल करण्यात किंवा रीडरमध्ये, डीबीनल असेल तर प्रोसिजर उघडा.